सर्व्हरची मेमरी कोण खातंय? रीस्टार्टआधी शोधायची रीत

‘मेमरी ९४ टक्के’ असा अलर्ट आला की नव्या माणसाचा हात आधी रीस्टार्टकडे जातो. माझाही जायचा. सर्व्हिस रीस्टार्ट केली, आलेख खाली आला, सगळे खूश. चार दिवसांनी पुन्हा तोच अलर्ट, आणि हातात काहीच नाही. जो काही पुरावा होता तो मेमरीतच होता आणि तो मीच पुसून टाकला होता.

लिनक्स सर्व्हरवर मेमरीची तक्रार आली तर काय पाहायचं आणि कोणत्या क्रमाने, ते खाली लिहितोय. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाईप करायच्या.

पायरी १: त्रास खरंच आहे का ते बघा

‘फ्री -एच’ चालवा. १६ जीबीच्या सर्व्हरवर समजा असे आकडे आले: टोटल १५.५, यूज्ड ६.१, फ्री ०.३, बफ/कॅश ९.१ आणि अगदी शेवटच्या रकान्यात अव्हेलेबल ८.९. नवखा माणूस ‘फ्री ०.३’ वाचूनच घाबरतो. प्रत्यक्षात या सर्व्हरला काहीही झालेलं नाही.

वर्गातला फळा डोळ्यांसमोर आणा. फळ्यावर तीन प्रकारचा मजकूर असतो. पहिला, वहीत आधीच असलेला. तो केव्हाही पुसता येतो, कारण लागला तर वहीतून पुन्हा लिहिता येतो. डिस्कवरच्या फायली वाचताना लिनक्स जी पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) मेमरीत ठेवून देतं ती ही, म्हणजे पेज कॅश. दुसरा, फळ्यावर बदललेला पण वहीत अजून न उतरवलेला. तो आधी उतरवायचा, मग पुसायचा. ही ‘डर्टी’ पानं. तिसरा मजकूर फक्त फळ्यावरच आहे, त्याला वहीच नाही. प्रोग्रॅमने स्वतःच्या कामासाठी मागून घेतलेली मेमरी या प्रकारात येते. तिला ‘अनॉनिमस’ म्हणतात. हा मजकूर पुसायचा तर आधी तो कुठेतरी टिपून ठेवावा लागतो. ती टिपायची डिस्कवरची जागा म्हणजे स्वॅप.

रिकामा फळा काही कामाचा नाही, म्हणून लिनक्स तो मुद्दाम भरलेला ठेवतं. ‘फ्री’ म्हणजे आत्ता कोरी असलेली जागा. ‘अव्हेलेबल’ म्हणजे स्वॅपला हात न लावता नव्या कामासाठी किती जागा करून देता येईल, याचा कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) बांधलेला अंदाज. हा आकडा कर्नल ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून मिळतो. त्याआधी लोक फ्री आणि कॅश यांची हाताने बेरीज करायचे आणि ती चुकायची. का चुकायची ते पुढे तिसऱ्या पायरीत येईलच.

इथे माझा एक जुना पराक्रम सांगतो. ‘कॅशने मेमरी खाल्ली’ असं वाटून मी ‘ड्रॉप_कॅशेस’मध्ये ३ लिहिणारी, म्हणजे कॅश रिकामी करणारी ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) टाकली होती, दर तासाला. आलेख सुरेख दिसू लागला. मग तक्रारी यायला लागल्या की साइट दर तासाच्या सुरुवातीला दोन-तीन मिनिटं रखडते. रखडणारच! डेटाबेसच्या ज्या फायली मेमरीतून मिळत होत्या, त्या दर तासाला मी फेकून देत होतो आणि डिस्क बिचारी त्या पुन्हा वाचत होती. ही कमांड चाचणीच्या मशीनवर वेग मोजण्यापुरती ठीक. चालत्या सर्व्हरवर ती कुणी उपाय म्हणून सुचवली तर नम्रपणे नकार द्या.

अव्हेलेबल खरंच कमी असेल, म्हणजे टोटलच्या पाच-दहा टक्क्यांवर आलं असेल, तरी लगेच निष्कर्ष काढू नका. ‘व्हीएमस्टॅट १ ५’ चालवा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. बाकीच्या ओळींत ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे दोन रकाने बघा: स्वॅपमधून आत किती येतंय आणि बाहेर किती जातंय. दोन्ही शून्य किंवा शून्याच्या आसपास असतील तर स्वॅप अर्धा भरलेला असला तरी घाबरण्यासारखं काही नाही; कधीकाळी बाहेर टाकलेली, नंतर कुणी न मागितलेली पानं तिथे नुसती पडून आहेत. मात्र दोन्ही आकडे सतत मोठे दिसत असतील तर तीच पानं आत-बाहेर करण्यात मशीनचा जीव चाललाय. याला थ्रॅशिंग म्हणतात आणि तेव्हा सर्व्हर नुसता लॉगिन करायलाही मिनिटं घेतो.

कर्नल ४.२० किंवा त्यापुढचं असेल तर ‘/प्रॉक/प्रेशर/मेमरी’ ही फाइलही वाचा (काही वितरणांत ही सोय बंद ठेवलेली असते, मग फाइल दिसणार नाही). तिच्यात ‘सम’ आणि ‘फुल’ अशा दोन ओळी असतात आणि प्रत्येकीत गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासऱ्या. ‘सम’ म्हणजे निदान एका तरी कामाला मेमरीसाठी थांबावं लागलं असा वेळ, टक्क्यांत. ‘फुल’ म्हणजे सगळीच कामं खोळंबली तो वेळ. माझ्या मते मेमरीचा त्रास मोजायचं याहून प्रामाणिक साधन दुसरं नाही. टक्केवारीचा आलेख ‘किती भरलंय’ एवढंच सांगतो. ही फाइल सांगते ‘किती दुखतंय’.

पायरी २: कोण खातंय

‘टॉप’ चालवून शिफ्टसह एम दाबा. यादी मेमरीप्रमाणे लागते. तीन रकाने दिसतील. ‘व्हर्ट’कडे दुर्लक्ष करा. प्रोसेसने पत्ते किती राखून ठेवलेत ते तो सांगतो. प्रत्यक्ष वापराशी त्याचा संबंध फार थोडा, आणि काही प्रोग्रॅम तिथे शेकडो जीबी दाखवून नव्या माणसाची झोप उडवतात. ‘रेस’ म्हणजे खरोखर रॅममध्ये असलेला भाग. ‘एसएचआर’ म्हणजे त्यातला इतरांसोबत वाटून घेता येण्याजोगा भाग. नोंद ठेवायची असेल तर ‘पीएस ऑक्स --सॉर्ट=-आरएसएस’ (आरएसएस म्हणजे ‘रेस’च) वापरा आणि निकाल फाइलमध्ये वळवा.

आता नेहमीची फसगत. एका अॅप्लिकेशनचे १० वर्कर (काम वाटून घेणाऱ्या प्रोसेस) आहेत, प्रत्येकाचं ‘रेस’ १२० एमबी. बेरीज १,२०० एमबी. पण प्रत्येकातले ८० एमबी सगळ्यांचे सामाईक असतील तर खरा खर्च १० गुणिले ४० अधिक ८०, म्हणजे ४८० एमबी. पोस्टग्रेस डेटाबेसवर तर हा घोळ हमखास होतो: प्रत्येक कनेक्शनची प्रोसेस सामाईक बफरमधल्या ज्या पानांना हात लावते ती तिच्या ‘रेस’मध्ये धरली जातात, आणि शंभर कनेक्शनांची बेरीज मशीनच्या रॅमपेक्षाही जास्त भरते.

यावर तोड म्हणजे पीएसएस (प्रपोर्शनल सेट साइज). यात सामाईक पानाचा खर्च वाटेकऱ्यांमध्ये सारखा वाटून धरतात, त्यामुळे बेरीज खरी येते. कर्नल ४.१४ पासून ‘/प्रॉक/’, मग प्रोसेसचा क्रमांक आणि मग ‘/स्मॅप्स_रोलअप’ ही फाइल हा आकडा थेट देते. तिच्यातली ‘अनॉनिमस’ची ओळही वाचा. फळ्यावरचा तिसऱ्या प्रकारचा मजकूर तोच, आणि तपासात सर्वांत जास्त उपयोगी पडतो तोही तोच.

पायरी ३: बेरीज जुळत नसेल तर

कधीकधी सगळ्या प्रोसेस मिळून ३ जीबी आणि टोटलमधून अव्हेलेबल वजा केलं तर मात्र ९ जीबी. उरलेले गेले कुठे? अशा वेळी ‘/प्रॉक/मेमइन्फो’ उघडा आणि पुढचे आकडे शोधा.

‘एसएचमेम’: यात टीएमपीएफएसवरच्या फायली येतात. ‘/डेव्ह/एसएचएम’ ही टीएमपीएफएसच असते आणि काही वितरणांत ‘/टीएमपी’सुद्धा. इथली फाइल दिसते फाइलीसारखी पण राहते रॅममध्ये. तिला वही नाही, म्हणून ती पुसता येत नाही. तरीही ‘फ्री’च्या यादीत ती बफ/कॅशमध्येच मोजली जाते. वर म्हटलेली हाताची बेरीज नेमकी इथे चुकायची. अशा एका मशीनवर मी दोन तास प्रोसेसच धुंडाळत बसलो होतो. शेवटी ‘डीएफ -एच -टी टीएमपीएफएस’ चालवलं तेव्हा कळलं की एक अर्धवट मेलेली स्क्रिप्ट आपले तात्पुरते तुकडे तिथे टाकून गेली होती. ‘आरएम’ची एक ओळ आणि विषय संपला. फाइल पुसूनही जागा मोकळी झाली नाही तर ती कुणीतरी अजून उघडी धरून ठेवलेली असते. ‘एलएसओएफ +एल१’ (एल मोठ्या लिपीतला) अशा फायली आणि त्यांचे धनी दाखवतं.

‘ह्यूजपेजेस_टोटल’ (आधीच राखून ठेवलेली मोठी पानं): कुणी २ एमबीची २,०४८ पानं राखून ठेवली असतील तर ४ जीबी बाजूला निघाले, वापरा अथवा नका वापरू. कोणत्याही प्रोसेसच्या नावावर ते दिसणार नाहीत. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर हलवला आणि ही सेटिंग तशीच मागे राहिली, असं बऱ्याचदा होतं.

‘एसअनरिक्लेम’: कर्नलची स्वतःची, परत न मिळणारी मेमरी. ती काही जीबींत गेली असेल तर ‘स्लॅबटॉप’ बघा. तिथे ‘डेन्ट्री’ वगैरे नावंही वर दिसतील, पण ती या आकड्यात येत नाहीत, त्यांची सहसा काळजी नको. लाखो लहान फायलींवरून कुणीतरी फिरून आलंय आणि तो साठा गरज पडली की सोडला जातो.

पायरी ४: प्रोसेस गायब झाली असेल तर

लॉगमध्ये चूक नाही, निरोप नाही, प्रोसेस मात्र नाही. हे बहुतेक वेळा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलरचं काम असतं. मेमरी संपली आणि जागा करायला काहीच उरलं नाही की कर्नल एक प्रोसेस निवडून मारतो. तिला आवराआवर करायला क्षणही मिळत नाही. ‘डीमेसेज -टी’ चालवून त्यात ‘किल्ड प्रोसेस’ शोधा (टी मोठ्या लिपीतला, म्हणजे वेळ वाचता येईल अशी दिसते). मशीन मधे रीबूट झालं असेल आणि जर्नल डिस्कवर ठेवलं जात असेल तर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ मागच्या वेळच्या नोंदी देतं.

त्या ओळीच्या वर सगळ्या प्रोसेसचा तक्ता छापलेला असतो. तो जरूर वाचा, पण त्यातले ‘टोटल_व्हीएम’ आणि ‘आरएसएस’ हे आकडे किलोबाइटमध्ये नसून पानांमध्ये असतात. नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर पान ४ केबीचं, म्हणजे ४ ने गुणायचं. तक्त्यात ७,५०,००० दिसलं तर ती प्रोसेस जवळपास ३ जीबीची आहे. हा गुणाकार विसरून ‘एवढी लहान प्रोसेस का मारली?’ म्हणत बसलेले लोक मी पाहिलेत.

मेलेला तोच गुन्हेगार, असं मात्र समजू नका. कर्नल साधारणपणे सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्याला मारतो. डेटाबेस वर्षानुवर्षं ६ जीबी घेऊन शहाण्यासारखा बसलाय, शेजारची एखादी बॅच स्क्रिप्ट पाच मिनिटांत ४ जीबीवर गेली, आणि बळी जातो डेटाबेसचा. म्हणून तक्त्यात ‘कोण मोठं’ याआधी ‘कोण नेहमीपेक्षा मोठं’ हे शोधा. एखाद्या प्रोसेसला वाचवायला ‘ओओएम_स्कोअर_अॅडज’मध्ये उणे आकडा देता येतो, उणे १००० दिला की ती यादीतूनच वगळली जाते. पण जी वाढतेय तिलाच असं अभय दिलंत तर कर्नल बाकी सगळ्यांना एकेक करून संपवेल.

कंटेनरमध्ये असाल तर आणखी एक गोष्ट. आत ‘फ्री’ चालवलं की अख्ख्या यजमान मशीनचे आकडे दिसतात, तुमच्या वाट्याचे नाहीत. सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालणारी कर्नलची सोय) दुसऱ्या आवृत्तीत ‘/सिस/एफएस/सीग्रुप’खाली ‘मेमरी.मॅक्स’ ही मर्यादा, ‘मेमरी.करंट’ हा वापर आणि ‘मेमरी.इव्हेंट्स’मध्ये ‘ओओएम_किल’ हा मारल्याचा हिशेब असतो. ‘मेमरी.करंट’मध्ये पेज कॅशही धरलेली असते, तेव्हा तो आकडा मर्यादेला टेकला म्हणून लगेच ओरडू नका, ‘मेमरी.स्टॅट’मधला ‘अॅनॉन’ बघा. आणि कंटेनर १३७ हा कोड देऊन थांबला असेल तर तो १२८ अधिक ९ आहे: ९ नंबरचा सिग्नल, म्हणजे सक्तीने मारलेलं. मारणारा बहुधा ओओएम किलर, पण हाताने मारलं तरी कोड हाच येतो.

पायरी ५: गळती की नुसती भूक?

‘मेमरी लीक’ हा शब्द फार लवकर उच्चारला जातो. माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात वेळा कोडमध्ये गळती नसते; कुणीतरी सेटिंगमध्ये गुणाकार केलेला नसतो. पीएचपी-एफपीएमचे ‘मॅक्स_चिल्ड्रन’ ५० आणि प्रत्येक वर्कर ९० एमबीचा, म्हणजे गर्दीच्या वेळी ४.५ जीबी. पोस्टग्रेसचं ‘वर्क_मेम’ मुळात ४ एमबी असतं. एक क्वेरी मंद वाटली म्हणून कुणी ते सगळ्यांसाठी २५६ एमबी करतं. ते दर कनेक्शनला नव्हे तर दर सॉर्टला किंवा हॅशला लागू होतं, एका क्वेरीत असे चार-पाच असू शकतात. १०० कनेक्शनांनी एकेकच सॉर्ट केला तरी २५ जीबी. जावाचं तसंच: ४ जीबीच्या कंटेनरमध्ये ‘एक्सएमएक्स’ ४ जीबी दिलं की कंटेनर मरणारच, कारण ती मर्यादा फक्त हीपची (प्रोग्रॅमचे ऑब्जेक्ट राहतात ती जागा) आहे. थ्रेडचे स्टॅक, मेटास्पेस, डायरेक्ट बफर हे सगळं हीपच्या बाहेर. रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस) स्नॅपशॉट घेताना स्वतःची दुसरी प्रत फोर्क करतो. सुरुवातीला पानं सामाईकच असतात, पण त्या वेळात लिखाण जितकं जास्त तितकी पानं दुप्पट होत जातात.

गळती ओळखायला एक आकडा पुरत नाही, काळ लागतो. ‘सार -आर’ चालू असेल तर उत्तम. पण ते पूर्ण मशीनचे आकडे देतं. एका प्रोसेससाठी मी सरळ क्रॉनमध्ये ‘पीएस’ची एक ओळ टाकतो, दर दहा मिनिटांनी वेळ आणि आरएसएस फाइलीत जोडणारी. दोन दिवसांनी त्याचा आलेख काढा. चढून मग सपाट झाला तर तो साठा भरत होता, गळती नाही. करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होतोय आणि दात्यांचं तळ एकाच उंचीवर आहे, तर गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी सोडवणारा भाग) आपलं काम करतोय. तळ मात्र दर फेरीला थोडं वर सरकत असेल, रात्री वर्दळ संपल्यावरही खाली येत नसेल, तर मग लीक म्हणायला हरकत नाही.

एक अपवाद. प्रोग्रॅमने मेमरी सोडली तरी ती लगेच ऑपरेटिंग सिस्टीमकडे परत जातेच असं नाही. जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) ६४ बिटांवर कोअरच्या आठपटीपर्यंत ‘अरीना’ (मेमरीचे वेगवेगळे साठे) उघडू शकतं, आणि बरेच थ्रेड असतील तर तुकड्यातुकड्यांत मेमरी अडकून राहते. ‘मॅलॉक_अरीना_मॅक्स’ २ करून पाहा. तेवढ्याने आलेख सपाट झाला तर तुमचा कोड निर्दोष होता.

सुरुवातीला सांगितलेला चार दिवसांचा अलर्ट याच रीतीने सुटला. दहा-दहा मिनिटांच्या नोंदी वाचल्या तेव्हा दिसलं की एकच वर्कर वाढतोय, आणि तोही फक्त दिवसा, वर्दळीच्या प्रमाणात. त्यात एक डिक्शनरी होती, उत्तरं साठवून ठेवणारी. साठवायची किल्ली म्हणून अख्खा यूआरएल घेतला होता आणि यूआरएलच्या शेपटीला सेकंदापर्यंतची वेळ जोडलेली असायची. म्हणजे प्रत्येक विनंतीला नवी किल्ली; साठा वाढत राहायचा आणि त्यातून एकदाही काही परत मिळायचं नाही. ती डिक्शनरी मीच लिहिली होती, हे त्या वेळी मी कुणाला सांगितलं नाही.

पायरी ६: रीस्टार्ट करा, पण पुरावा घेऊन

लोक खोळंबलेत तर रीस्टार्ट करावंच लागतं, त्यात कमीपणा नाही. फक्त त्याआधी एक मिनिट घ्या: ‘फ्री’, ‘मेमइन्फो’, आरएसएसप्रमाणे लावलेली ‘पीएस’ची यादी, संशयिताचं ‘स्मॅप्स_रोलअप’ आणि ‘डीमेसेज’चा शेवट, हे सगळं एका फोल्डरमध्ये वळवणारी दहा ओळींची स्क्रिप्ट आजच लिहून ठेवा. रात्री अडीच वाजता ती लिहायला सुचत नाही.

वेळ मिळाला तर हीप डंप, म्हणजे हीपची प्रत, घ्या. जावासाठी ‘जेसीएमडी’चा ‘जीसी.हीप_डंप’ आहे. डंप होत असताना अॅप थांबून राहतं आणि फाइल हीपएवढी मोठी होऊ शकते, म्हणून आधी डिस्कवर जागा पाहा. पायथनचं ‘ट्रेसमॅलॉक’ आधीपासून चालू असेल तरच उपयोगाचं. आणि डंपमध्ये पासवर्ड, टोकन, ग्राहकांची माहिती जशीच्या तशी असते. तो चॅटवर कुणाला पाठवायची वस्तू नाही.

पायरी ७: पुन्हा होऊ नये म्हणून

जी सर्व्हिस बेभरवशाची आहे तिला सिस्टीमडीमध्ये (सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) ‘मेमरीमॅक्स’ द्या. मग ती फुगली तर तीच मरते, शेजारचा डेटाबेस नाही. थोडा स्वॅप असू द्या. तो पूर्ण बंद केल्याने वेग वाढतो हा समज आहे, उलट कधीच न लागणारी अनॉनिमस पानं बाहेर ठेवायला जागाच राहत नाही. ‘स्वॅपिनेस’ मुळात ६० असतं. ते बदलायची घाई करू नका, बदलाल तर आधीचे आणि नंतरचे ‘एसआय-एसओ’ मोजूनच बदला. रॅम वाढवणं हाही खरा उपाय आहे, पण भूक असेल तर. गळती असेल तर चार दिवसांचा अलर्ट आठ दिवसांनी येतो, एवढाच फरक.

राहिला तो अलर्ट. डिक्शनरी दुरुस्त केल्यावरही तो ९४ टक्क्यांना वाजतच राहिला, कारण तो पेज कॅशही ‘वापरलेली’ म्हणून मोजत होता. आता तो दोन अटींवर वाजतो: अव्हेलेबल सलग पाच मिनिटं टोटलच्या १० टक्क्यांखाली, किंवा प्रेशरमधल्या ‘फुल’ची ६० सेकंदांची सरासरी ५ च्या वर. हे आकडे माझ्या मशीनचे आहेत. तुमचे ठरवण्याआधी एक आठवडा सगळं सुरळीत असतानाच्या नोंदी घ्या आणि त्या बघून सुधारा.